काचेच्या शेगडीवर कोणतं भांडं चढवायचं?

सांगलीत कुणी "आमच्याकडे आता काचेची शेगडी आहे" असं म्हणालं, तर त्याचे तीन अर्थ निघतात. एक म्हणजे नेहमीचीच गॅसची शेगडी, फक्त वरच्या स्टीलच्या पत्र्याऐवजी कडक काच. दुसरा अर्थ इंडक्शन. आणि तिसरा, काळ्या काचेखाली तार लालबुंद होताना दिसते ती विजेची शेगडी. हिला कुणी इन्फ्रारेड म्हणतं, कुणी सिरॅमिक.

पहिल्या प्रकारात बर्नर काचेच्या वर असतात आणि भांडं जाळीवर बसतं. तिथे आजवर वापरलेलं सगळं चालतं, त्यामुळे तिच्याबद्दल इथे काही सांगायचं नाही. हा लेख उरलेल्या दोघींसाठी आहे, जिथे भांडं थेट काचेवर टेकतं. आमच्या विश्रामबागच्या घरी या दोन्ही आहेत. गेल्या तीन वर्षांत सासूबाईंची आणि माझी मिळून जवळपास सगळी भांडी त्यांच्यावर चढवून झाली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: या शेगड्यांना भांड्याची चकाकी, किंमत, कंपनी काही कळत नाही, कळतं फक्त बूड. म्हणून भांडं हातात घेतलं की आधी उलटं करायचं.

आधी काचेखाली काय आहे ते ओळखा

नवीन भाड्याच्या घरात ओट्यावर बसवलेली शेगडी आयती मिळाली आणि माहितीपुस्तक नसलं, तर नुसतं बघून ओळखता येत नाही. दोन्हींची काच सारखीच काळी दिसते. पितळेच्या किंवा तांब्याच्या लहान पातेल्यात पेलाभर पाणी घ्या आणि शेगडी सुरू करा. काच लाल दिसून पाणी तापू लागलं, तर ती तारेची. शेगडी टूंटूं वाजून बंद पडली, तर इंडक्शन.

असं का होतं हे एकदा समजून घेतलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. तारेच्या शेगडीत काचेखालची तार तापते, तिची धग काचेतून वर येते आणि भांड्याला लागते. भांडं कोणत्याही धातूचं असो, ते तापणारच. प्रश्न फक्त किती लवकर आणि किती सारखं तापणार, एवढाच. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. आतलं सर्किट तिची आवर्तनं २० हजारांच्याही वर नेतं आणि वेटोळ्याभोवती भराभर बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वर लोखंडी बूड असलं की त्या बुडातच विजेचे भोवरे फिरतात आणि बूड स्वतः तापतं. काच गरम होते ती वरच्या भांड्यामुळे. तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाहीत, शिवाय त्यांच्यातून वीज फार सहज वाहते, म्हणून तिथे पुरेशी उष्णता तयार होत नाही आणि शेगडी भांडं ओळखतच नाही.

काचेबद्दलही थोडं सांगते. ही साधी काच नाही. १९५३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी काचेचा एक तुकडा ६०० अंशांवर तापवत होते. भट्टी बिघडून तापमान ९०० च्या घरात गेलं. काच वितळून सांडली असेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती पांढरी, घट्ट होऊन आकार धरून बसलेली होती. त्यातूनच काचेच्या पोटात बारीक स्फटिक वाढवण्याची विद्या निघाली. आजच्या शेगड्यांची काच त्याच घराण्यातली आहे. ही काच तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही, म्हणून एक कड तापलेली आणि शेजारची गार असली तरी तडकत नाही. उष्णतेला ती दमदार आहे, घावाला मात्र नाही. बिडाच्या तव्याची कड आपटली किंवा वरच्या फळीवरून खलबत्ता पडला, तर ती जाते. भांडं निवडताना या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

चुंबक घेऊन माळ्यावर चढा

इंडक्शन असेल तर दुकानात जायच्या आधी घरातली भांडी तपासा. फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं शोभेचं चुंबक असतं ना, तेच काढून घ्या. एकेक भांडं पालथं घालून चुंबक बुडाच्या मध्यावर लावा, मग कडेला. घट्ट बसलं, ओढून काढावं लागलं, तर भांडं चालणार. लागल्यासारखं करून घसरलं, तर ते भांडं रडतखडत तापेल किंवा अजिबात नाही. चुंबक भांड्याच्या भिंतीला चिकटतंय की नाही याला महत्त्व नाही, बुडाला चिकटलं पाहिजे.

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण स्टील म्हणजे लोखंड, मग चुंबक लागणारच, असं आपण धरून चालतो. रुखवतात आलेली, आहेराची, नाव घातलेली चकचकीत पातेली बहुधा अशा स्टीलची असतात ज्याला चुंबक लागत नाही. ज्या स्टीलवर १८/८ असं लिहिलेलं असतं त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. हे निकेलच त्याचं चुंबकत्व घालवतं. म्हणजे स्टील चांगल्या प्रतीचं असूनही इंडक्शनला उपयोगाचं नाही. निकेल नसलेलं, फक्त क्रोमियमवालं स्टील चुंबकाला चिकटतं. चांगल्या भांड्यात आतून १८/८ आणि बाहेरच्या बुडाला हे चिकटणारं स्टील, अशी जोड दिलेली असते.

तांब्याच्या बुडाची स्टीलची पातेली आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांना इंडक्शन ओळखत नाही. तारेच्या शेगडीवर ती छान तापतात, फक्त काचेवर घासली तर तांबूस ओरखडे उठतात.

ॲल्युमिनियमच्या काही तव्यांच्या बुडात लोखंडाची जाळीदार चकती दाबून बसवलेली असते. चुंबक तिथे लागतं आणि आपण खूश होतो. पण चकती वितभर असेल आणि तवा दीड वीत, तर तापणार आहे ती चकतीच. चुंबक सरकवत सरकवत ते कुठवर धरतंय ते बघा. तेवढाच भाग तुमचा तवा समजायचा.

बाजारात चुंबकाला लागणारी एक जाड तबकडीही मिळते. ती शेगडीवर ठेवायची आणि तिच्यावर आपलं जुनं भांडं. मी ती वापरली आणि बंद केली. तबकडी भलतीच तापते, भांड्यापर्यंत उष्णता उशिरा पोचते, आणि खालची काच व वेटोळं विनाकारण भाजून निघतात. रोजच्या स्वयंपाकाला ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बूड सपाट आहे का?

ही तपासणी दोन्ही शेगड्यांना लागू. गॅसची ज्योत भांड्याच्या आकाराप्रमाणे वळते, गोल बुडाला वेढा घालते. काच वळत नाही. जेवढं बूड टेकलं, तेवढ्यालाच नीट धग.

मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी उभी धरून पालथ्या बुडावर आडवी टेकवा आणि उजेडाकडे धरून बघा. पट्टीखालून उजेडाची फट दिसली तर बूड आत गेलेलं आहे. फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी बारीक असेल तर काळजी नको. धातू तापला की मधला भाग थोडा खाली येतो आणि बूड बसतं. पण पट्टी मध्यावर टेकून दोन्ही बाजूंना डुलली, तर बूड बाहेर फुगलेलं आहे. असं भांडं काचेवर भिंगरीसारखं फिरतं, तेल कडेला पळतं, आणि उकळत्या आमटीचं पातेलं असेल तर धोक्याचंही आहे. हात लावून ओट्यावर फिरवून बघितलं तरी कळतं.

पातळ स्टीलची पातेली सुरुवातीला सपाट असतात आणि महिन्या-दोन महिन्यांत फुगतात. इंडक्शन पूर्ण ताकदीवर ठेवून रिकामं पातळ भांडं तापवलं की हे हमखास होतं. म्हणून बुडाची जाडी महत्त्वाची. पातळ स्टीलचा दुसरा त्रास दुधाला होतो. इंडक्शनचं वेटोळं कड्यासारखं असतं, त्यामुळे बरोबर त्या कड्याच्या आकारात दूध खाली लागतं. तुमच्या पातेल्याच्या तळाशी करपलेलं गोल कडं दिसत असेल तर दोष दुधाचा नाही. आधी घोटभर पाणी घालून मग दूध ओतायचं, आच मध्यम ठेवायची, आणि जमेल तेव्हा जाड बुडाचं पातेलं घ्यायचं.

माप तोंडाचं नको, बुडाचं घ्या

दुकानात पातेल्याचं माप बहुधा तोंडाचं किंवा लिटरचं सांगतात. आपल्याला हवं ते टेकणाऱ्या सपाट भागाचं. आमच्याकडे एक भगुलं आहे, तोंड चांगलं २४ सेंटिमीटर, पण खाली निमुळतं होत टेकणारा भाग जेमतेम १३.

तारेच्या शेगडीवर काचेवर रेखलेलं वर्तुळ आणि बूड यांचं माप जुळायला हवं. बूड लहान असलं तर बाजूची धग वाया जाते आणि भांड्याचे कान तापतात. बूड वर्तुळाबाहेर बोट-दोन बोटं गेलं तर चालतं, त्याहून जास्त नको. फार मोठी परात किंवा तवा वर्तुळाबाहेर पसरला की उष्णता खालीच कोंडते. इंडक्शनला उलट लहान भांड्याची अडचण असते. बहुतेक घरगुती इंडक्शनना साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान बूड कळत नाही. म्हणून फोडणीची कढली आणि एका कपाचं चहाचं भांडं रुसून बसतं. फोडणी मी मध्यम पातेल्यातच करते आणि त्यातच आमटी ओतते, वेगळी कढली लागतच नाही.

कोणत्या धातूचं काय

स्टीलबद्दल बरंच झालं. नवीन घ्यायचं तर तीन थरांचं घ्या: आत स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर चुंबकाला लागणारं स्टील. स्टील उष्णतेला मंद असतं. शुद्ध ॲल्युमिनियम त्याच्या साधारण १५ पट वेगाने उष्णता पसरवतं. मधला थर तेच काम करतो, म्हणून पिठलं ढवळायला थोडा उशीर झाला तरी एका जागी करपत नाही. काही भांड्यांत हे तीन थर फक्त बुडाला असतात, काहींत भिंतीपर्यंत. आमटी-भाताला बुडाचे पुरतात. भाजी परतायची कढई मात्र भिंतीपर्यंतची असेल तर बरं.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि त्याबद्दल या भागातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, आजच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर ओतले. त्याच जातीच्या धातूचा तवा आजही आपल्या भाकरीला लागतो. बीड दोन्ही शेगड्यांवर चालतं, चुंबकाला तर घट्ट धरतं. उशिरा तापतं आणि तापलं की धग सोडत नाही. अडचणी दोन. खालून खरबरीत असेल तर काचेवर चरे पडतात, आणि वजन. म्हणून बिडाचं भांडं काचेवर कधी ओढायचं नाही, दोन्ही हातांनी उचलायचं आणि हलकेच ठेवायचं. घेताना बुडावरून तळहात फिरवा. ओतकामाचा खडा, खवला लागला तर ते सोडून दुसरं बघा. थंडगार बीड एकदम पूर्ण आचेवरही ठेवू नका, तडकू शकतं.

पितळ आणि तांबं इंडक्शनवर नाही, तारेच्या शेगडीवर चालेल, पण कल्हईकडे लक्ष हवं. कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंशांना वितळतं. गॅसवर भांडं रिकामं राहिलं तर आपल्याला ज्योत दिसते. इथे ज्योत नाही, आणि बटण बंद केल्यावरही काचेची धग चालूच राहते. कल्हईचं पातेलं काचेवर रिकामं ठेवायचंच नाही. आधी पाणी किंवा तेल, मग बटण.

ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्या आयांच्या भाषेत जर्मनचं भांडं, इंडक्शनला बाद. तारेच्या शेगडीवर तापतं भराभर, पण काचेवर चंदेरी-करडे डाग सोडतं आणि ते लवकर जात नाहीत. ॲल्युमिनियमचा पातळ कागद तर गरम काचेजवळसुद्धा नको, वितळून चिकटला की काच खराब होते.

निर्लेप तवा चालतो, बुडाला चुंबक लागत असेल तर इंडक्शनवरही. फक्त तो रिकामा तापवू नका. त्याचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो आणि इंडक्शन तिथवर फार लवकर पोचतं. मातीची भांडी गॅसवर किंवा चुलीवरच ठेवा. इनॅमलची चालतात, खालचा लेप उडालेला नसेल तर.

गावाकडून आणलेल्या चुलीवरच्या भांड्यांबद्दल एक विनंती. बुडाची काजळी पूर्ण घासून काढल्याशिवाय ते काचेवर ठेवू नका. आणि राखेने किंवा मातीने घासलं असेल तर खळखळून धुवा. राखेत रेतीचा एखादा कण असतोच, आणि बुडाला चिकटलेला तो कण म्हणजे काचेवर चालणारी करवत.

कुकर

साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. नवा घेताना "इंडक्शन बेस" लिहिलेलं असतं, तरी चुंबक लावूनच घ्या. मला एका दुकानात "चालेल हो, नक्की चालेल" म्हणून दिलेला कुकर घरी आणल्यावर शेगडीने ओळखलाच नाही. तेव्हापासून चुंबक पर्समध्येच असतं. आयएसआयचा शिक्का आणि त्याच्याखाली आयएस २३४७ हा क्रमांकही बघा, घरगुती कुकरचं मानक तेच आहे.

पोटाने फुगीर, बुडाशी निमुळता कुकर टाळा. सरळ उभ्या भिंतीचा, रुंद सपाट बुडाचा हवा. शिट्ट्यांचा जुना हिशोब इथे चालत नाही. इंडक्शनवर पहिली शिट्टी लवकर येते आणि डाळ अजून कच्ची असते. पहिल्या शिट्टीनंतर आच ५०० ते ६०० वॉटवर आणून मिनिटं मोजा. तूरडाळीला मी दहा मिनिटं देते. तारेच्या शेगडीवर उलट होतं, बंद केल्यावरही धग राहते आणि आणखी एखादी शिट्टी होते. भाताचा कुकर म्हणून तीन-चार मिनिटं आधीच बंद करायचा.

भाकरीचा तवा

साताऱ्या-सांगलीकडच्या घरात शेगडी बदलायचा निर्णय भाकरीपाशी अडतो, आणि ते बरोबरच आहे. रोज दोन वेळा भाकरी होणाऱ्या घरात तवा जमला नाही तर बाकी सगळं जमून उपयोग काय?

अडचण पहिली: आपला जुना तवा खोलगट असतो. काचेवर तो मध्यावर ठिपक्याएवढा टेकतो. सपाट बुडाचाच तवा हवा, वरून किंचित खोलगट असला तरी हरकत नाही. दुसरी अडचण: पातळ लोखंडी पत्र्याचा तवा इंडक्शनवर दोन दिवसांत फुगतो. निदान चार मिलिमीटर जाड लोखंड किंवा बीड घ्या. तिसरी: वेटोळं लहान, भाकरी मोठी. मध्ये कडं भाजतं, कड कच्ची. यावर उपाय घाईत नाही. तवा ठेवून आच १००० वॉटच्या आसपास ठेवायची आणि सहा-सात मिनिटं त्याला तापू द्यायचं. बिडात धग हळूहळू कडेपर्यंत जाते. पाण्याचे थेंब शिंपडून बघा. मध्यावर आणि कडेला सारखेच चुरचुरले की तवा तयार. भाकरी सुरुवातीला तव्याच्या तापलेल्या भागाएवढीच थापा, वितभर. हात बसला की वाढवा.

आणि चौथी, खरी अडचण: शेवटी भाकरी विस्तवावर टाकून फुगवायची कशी? काचेवर थेट टाकायची नाही. इंडक्शनची काच तेवढी तापत नाही, आणि तारेच्या शेगडीवर पीठ जळून काचेला चिकटतं. जाळी ठेवूनही नको, तिच्या तारा काचेवर चरे पाडतात. भाकरी तव्यावरच फुगवायची. थापल्यावर पिठाची बाजू वर करून टाका, वरून सगळीकडे पाणी फिरवा. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, अशा वेळी उलटा. दुसरी बाजू नेहमीपेक्षा जास्त, चांगली खरपूस भाजून घ्या. मग आच १४०० पर्यंत वाढवून पुन्हा उलटा आणि स्वच्छ सुती फडक्याच्या घडीने कडा हलके दाबत भाकरी गोल फिरवत राहा. वाफ आत कोंडते आणि पापुद्रा सुटतो. पहिल्या आठवड्यात दहातल्या चार फुगल्या, आता सगळ्या फुगतात. पीठ ताजं आणि आधण घालून मळलेलं असलं तर आणखी सोपं.

बाजरीला एवढे कष्ट नाहीत, ती जाडच थापतात. पुरणपोळीला बिडापेक्षा तीन थरांचा किंवा निर्लेप तवा बरा, कारण बिडाची धग चटकन कमी करता येत नाही आणि पुरण करपतं.

गूळ आणि पाक: इथे सर्वात जास्त जपा

आपण उसाच्या पट्ट्यात राहतो. पुरण, गुळाचा पाक, काकवी, चिक्की, दिवाळीचे अनारसे, साखर-गूळ नाही असा आठवडा जात नाही. काचेच्या शेगडीचा सगळ्यात मोठा वैरी हाच आहे. साखर उतू जाऊन तापलेल्या काचेवर पडली की वितळते, काचेला घट्ट धरते, आणि गार होताना आकसून काचेचा वरचा पापुद्राच उपटून काढते. तिथे बारीक खड्डा पडतो. तो कोणत्याही साबणाने जात नाही. आमच्या तारेच्या शेगडीवर एका होळीला पुरणाचा शिंतोडा राहिला, "गार झाल्यावर पुसू" म्हटलं, आणि ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा कायमचा राहिला.

म्हणून पाकाचं भांडं उंच भिंतीचं घ्या, आणि निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. सांडलंच तर इतर डागांसाठी थांबतो तसं थांबायचं नाही. भांडं उचलायचं, शेगडी बंद करायची, आणि काच गरम असतानाच लांब दांड्याच्या पात्याच्या खरवडणीने तिरकं धरून साखर गार भागाकडे ओढून घ्यायची. हाताला जाड फडकं किंवा हातमोजा हवाच. उरलेलं गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं. ही खरवडणी भांड्यांबरोबरच विकत घ्या. प्लॅस्टिकची पिशवी, डबा, चमचा काचेवर वितळला तरी हाच उपाय. इंडक्शनची काच कमी तापते म्हणून तिथे धोका कमी, पण पाकाच्या भांड्याखालची काच पाकाएवढी तापतेच.

दुकानात जाताना

बरोबर तीन वस्तू न्या: चुंबक, पट्टी आणि शेगडीवरच्या वर्तुळाएवढा कापलेला कागद. भांडं पालथं घालून कागद लावून बघायला लाजू नका. बुडावर वेटोळ्याची खूण असते, ती इंडक्शनची, पण खुणेपेक्षा चुंबकावर भरवसा ठेवा. बुडाला ठळक उठावाची अक्षरं, खोबणी असतील तर ते टाळा, टेकणारा भाग कमी होतो. कान रिव्हेटने पक्के बसवलेले हवेत. हात आतून फिरवून रिव्हेट सैल नाही ना ते बघा.

सात-आठ नगांचा संच घेऊ नका. त्यातली निम्मी भांडी आपल्या स्वयंपाकाची नसतात. पहिल्यांदा चारच घ्या: भाकरी-पोळीचा सपाट तवा, तीन लिटरचा कुकर, तीन थरांचं मध्यम पातेलं आणि सपाट बुडाची कढई. माळ्यावरच्या तपासणीत यातलं काही आधीच निघालं असेल तर तेही घ्यायला नको. महिनाभर स्वयंपाक करून बघा, मग कळतं आपल्याला काय कमी पडतंय.

भांड्यांबरोबर सॉकेटचाही विचार करा. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढते. मोबाइल चार्ज करायच्या ६ अँपिअरच्या लहान सॉकेटचं ते काम नाही. १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आणि स्वतंत्र वायर हवी, एक्स्टेन्शन बोर्ड नको. जुन्या वाड्यात किंवा जुन्या भाड्याच्या खोलीत राहत असाल तर आधी वायरमनला दाखवा. विजेचा हिशोब सोपा आहे: २००० वॉटवर अर्धा तास म्हणजे एक युनिट. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर इंडक्शन घेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

पहिल्यांदा चढवताना

नवं भांडं धुऊन बूड पूर्ण कोरडं करा. ओल्या बुडाचे पांढरे डाग उठतात, आणि मिठाचा खडा खाली राहिला तर चरा. लिटरभर पाणी घेऊन मध्यम आचेवर उकळा आणि तळाकडे बघत उभे राहा. बुडबुडे सगळ्या तळावर सारखे उठले तर भांडं उत्तम. एकाच कड्यात उठले तर त्या भांड्यात पातळ पदार्थ करा, पिठलं-शिरा नको. इंडक्शनवर थोडी गुणगुण ऐकू आली तर घाबरू नका, थरांच्या भांड्यांत ती येते. काचेला तडा दिसला तर मात्र त्याच क्षणी भिंतीवरचं बटण बंद, आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत पाण्याचा थेंबही लावायचा नाही.

पुसायला मऊ फडकं पुरतं. पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने जातात. तारेची घासणी आणि खरखरीत पावडर काचेला लावू नका.

एवढं सगळं होऊन जी भांडी बाजूला पडतील त्यांना मोडीत घालू नका. भडंगाची मोठी गोल कढई, पितळी पातेली, जुना खोलगट तवा गॅसवर लागतातच, वीज गेली की तर नक्की. आमच्याकडे गॅसची आणि काचेवरची, दोन्ही भांडी एकाच मांडणीवर असतात आणि स्वयंपाक चार हातांनी होतो, त्यामुळे सुरुवातीला रोज विचारणा व्हायची, "अगं, हे काचेवर चालतं का?" मग एका रविवारी सासूबाई आणि मी बसलो, आणि चालणाऱ्या प्रत्येक भांड्याच्या कानावर, जिथे धग पोचत नाही तिथे, लाल ऑइलपेंटचा एक ठिपका दिला. एकूण अकरा ठिपके झाले.